स्टेजकडे पाठ

श्रावणकाकांवरच्या सिनेमात श्रावणकाका दिसत नाहीत. कॅमेरा माझ्या हातात होता.

सिनेमा काढला मनोहरभाऊंनी. अमरावतीत तुम्ही कधी गाण्याच्या कार्यक्रमाला गेला असाल, तर पहिल्या रांगेत खुर्ची उलटी फिरवून, स्टेजकडे पाठ आणि तुमच्याकडे तोंड करून, डोळे मिटून बसलेला लांब मानेचा एक माणूस पाहिला असेल. तेच हे. "गानं पाहाची चीज नोहे, गजू," असं मला सांगायचे. "तोंड पाह्यलं का मानूस फसते." गायक बिचारे त्यांच्या टकलाकडे बघत गायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याच टकलाकडून बोलणी खायचे.

पेपरातलं संगीताचं सदर त्यांनी आयुष्यभर चालवलं. त्यामुळे कानावर पडेल त्याची समीक्षा करायची खोड लागली. कुकरची शिट्टी झाली की म्हणणार, "थोडी खाली लागली." एकदा शेजारच्या मयतीत सून हंबरडा फोडत होती, तर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वर गेली, पन सूर खरा नाही." कानाशी लागून म्हणाले खरे, पण ऐकलं सगळ्यांनी. त्या घरासमोरून आम्ही अजून जात नाही.

मग पेपरानं सदर बंद केलं. त्या जागेवर शिकवणी वर्गातल्या हुशार पोरांचे फोटो येऊ लागले. 'गाण्याचं सदर कुठं गेलं' असं विचारायला एकाही वाचकाचा फोन आला नाही. मनोहरभाऊ राजापेठेतल्या माझ्या स्टुडिओत येऊन बसले, समोरचा चहा गार होऊ दिला आणि म्हणाले, "इतके वर्सं लिवलं गजू, कोनाले ऐकू आलं काय? कागदातून आवाजच येत नाही. आता सिनेमा काढतो. कॅमेरा आहे ना तुह्याजवळ?"

आहे, म्हणालो. माझी सिनेमाची पात्रता तेवढीच. मी लग्नाची शूटिंग करतो.

विषय त्यांनी आधीच ठरवला होता. अकोल्याचे श्रावणकाका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. आता वरातीत डीजे आले, बँड मोडायला आला. त्यातच काकांचे समोरचे दात हलायला लागले. क्लॅरोनेट वरच्या दातांवर टेकवून धरतात. दात गेले की वाजवणं गेलं. डॉक्टर काढून टाका म्हणत होता. हिरड्या सुजल्या होत्या, तरी काकांनी बार्शीटाकळीच्या एका लग्नापर्यंत मुदत मागून घेतली. ते शेवटचं वाजवणं. आणि काकांची मागणी एकच होती. वाजंत्र्याच्या घरची बाई वरातीत जात नाही. काकूंनी नवऱ्याला इस्त्रीचा लाल कोट घालून पाठवलं होतं, घामेजलेला परत घेतला होता. मधलं कधी पाहिलं नव्हतं. "तेवढं तिले दाखवून द्या," काका म्हणाले.

बार्शीटाकळीत काकांनी असं वाजवलं की मलाही कळलं. मांडवात सगळ्यांचे फोन वर होते, पण नवरदेवाकडे. मनोहरभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीवर बँडकडे पाठ करून, डोळे मिटून. आणि मी? आमच्या धंद्यात बँड सुरू झाला की कॅमेरा बँडवरून उचलून पाहुण्यांकडे न्यायचा असतो. वाजंत्री कोणाला हवा असतो? मावशी दिसली नाही तर मात्र लोक अल्बम तोंडावर फेकतात. हात आपोआप वळला. मावश्या घेतल्या, जावई घेतले, रुसलेले आतोबा घेतले, पंगत तर फार मन लावून घेतली.

स्टुडिओत पहिल्यांदा लावलं तेव्हा मनोहरभाऊंनी सगळं डोळे मिटून ऐकलं. "आवाज पक्का आहे," म्हणाले. मग डोळे उघडून परत लावायला सांगितलं.

"गजू, काका कुठी आहेत?"

"हे काय, कोपर दिसून राह्यलं ना."

त्यांनी खुर्ची फिरवून पडद्याकडे पाठ केली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तोवर काकांचे दात काढून झाले होते. कवळी बसवून पाहिली, फुंकर बाजूनं निसटायची.

सिनेमा ज्या ज्या महोत्सवाला पाठवला तिथून काही उत्तर आलं नाही. एका ठिकाणाहून मात्र आपुलकीनं कळवलं, की चुकून घरच्या लग्नाची फिल्म आली आहे, खरी पाठवा.

अकोल्याहून काकूंचा निरोप येत होता, कधी दाखवता. शेवटी निघालो. एस.टी.त मी म्हणालो, "भाऊ, पेन ड्राइव्ह खराब झाला म्हनून सांगू."

"थे वाट पाहून राह्यली," ते म्हणाले. "घरी वाट पाहनारं कोनी नसलं ना गजू, का मंग या गोष्टी समजते." अकोल्यापर्यंत ड्रायव्हरनं कितीदा तरी हॉर्न वाजवला. मनोहरभाऊंनी एकदाही समीक्षा केली नाही.

काकूंनी टीव्हीवरचं फडकं काढून ठेवलं होतं, नवं लुगडं नेसल्या होत्या. काका दुपट्ट्यानं तोंड झाकून कोपऱ्यात. सिनेमा सुरू झाला. काकू पुढं पुढं सरकत गेल्या. "हे कुठी आहेत?"

मनोहरभाऊ उठले. टीव्हीजवळ उभं राहून बोट ठेवत बोलायला लागले. जन्मभर पेपरात जड जड शब्द लिहिणारा हा माणूस. "वहिनी, हे पाहा, ही नवरीची माय. आतापावतर हासत होती. आता काकानं सूर खाली आनला, अन् पाहा, पदर गेला ना डोयाले? हा बुवा पाहा, पुरी हातातच राह्यली त्याची. हे समदं काका करून राह्यले. मुद्दाम तसं काढाले लावलं मी, गजूचा दोष नाही. वाजवनाऱ्याचं तोंड काय पाहाचं? तो लोकाईच्या तोंडावर दिसते."

काका दुपट्ट्याआड काहीतरी पुटपुटले. दातांशिवाय ते कळलं नाही. सिनेमा संपला. काकूंनी नवी कोरी घडी असलेला पदर नीट केला, मनोहरभाऊंकडे बघितलं, "बसा भाऊ, चहा ठेवतो," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"अन् तू रे? एवढ्या लोकाईत तुले माहा एकटाच मानूस दिसला नाही? अन् फोटोचं दुकान टाकून बसला!"