पाचवीच्या वर्गातली पाठवणी

"या घरातून मुलगी रडत निघेल ती सासरी जायला. नोकरीला नाही!"

नरहरपंत खानझोडे हे वाक्य रोज सकाळी चहाच्या पहिल्या घोटाबरोबर म्हणत. यवतमाळच्या कचेरीत तीस वर्षं नकलनवीस असल्यामुळे एकच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवायचा त्यांना कंटाळा येत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी रत्नप्रभा ते ऐकून घेई आणि मुकाट्याने दुसरा कप भरी. तिची आई जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून तो दुसरा कप तीच भरत आली होती.

रत्नप्रभा शिक्षिकांच्या ट्रेनिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मुकुटबनच्या कन्याशाळेत तिच्या नेमणुकीचं पत्रसुद्धा आलं होतं. अंतिम पाठात पास व्हा आणि सोमवारी हजर व्हा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. नरहरपंतांनी ते वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. त्याला आठ दिवस झाले. पत्र खिशात होतं आणि कोट पंतांच्या अंगावर.

"बाबा, मी पास झाले तर?"

"आधी होऊन तर दाखव. नाही म्हणायला मी आहेच."

त्या साली, म्हणजे अठ्ठावन्न साली, अंतिम पाठाचा विषय होता 'आपल्या परिसरातील एक लोककला वर्गापुढे सादर करा.' बावीस जणींपैकी सतरा जणींनी भुलाबाईची गाणी घेतली, चौघींनी रांगोळी घेतली. रत्नप्रभेला मात्र काहीतरी असं हवं होतं, की परीक्षकांनी खुर्चीतून पुढे सरकून बघावं. आणि ते तिला स्वतःच्या दारातच सापडलं.

लोहाऱ्यापलीकडच्या तांड्यातून हंसाबाई दर गुरुवारी तूप घेऊन येत. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, की त्यांच्या बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघाली की नुसती रडत नाही, सुरात रडते. त्या रडण्याला ढावलो म्हणतात. त्याचे शब्द कोणी लिहून ठेवलेले नसतात. समोर जे दिसेल, मनात जे येईल, ते गळ्यात पडून गायचं. हे आठवलं तेव्हा रत्नप्रभेने हातातली पोळी तव्यावरच सोडली आणि टाळी वाजवली.

"हंसाबाई, माझ्या वर्गात येऊन ढावलो गाल का?"

"कोनाचं लगन हाय?"

"कोणाचंच नाही. माझी परीक्षा आहे."

"मंग चाललं कोन?"

"कोणीच नाही चाललं. नुसतं दाखवायचंय."

हंसाबाईंनी तुपाची लोटी खाली ठेवली. "दाखवाले रडत नाई बाई आमी. कोनी चाललं तं रडतो. पोरगी जागची हालली नाई अन् आपन गळा काढला, तं त्याच्यात काय भलं हाय?"

रत्नप्रभेने आत पाहिलं. नरहरपंत न्हाणीत होते. ती हळूच म्हणाली, "मी चाललेय. मुकुटबनला. मास्तरीण म्हणून."

"बापानं हो म्हनलं?"

"पत्र त्यांच्याच खिशात आहे."

हे काही खोटं नव्हतं. हंसाबाईंनी तिला पोटाशी धरलं. "मंग तं मी येतेच! अन् माय नाई म्हनून काईच कमी पडू देनार नाई तुले. समदं रीतीनं करू."

'समदं' म्हणजे काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण रत्नप्रभेच्या अंगात उत्साह मावत नव्हता. तिने पाठाचं चौदा पानी टाचण लिहिलं. प्रस्तावना चार मिनिटं, हेतुकथन एक मिनिट, 'प्रत्यक्ष रडणे' पाच मिनिटं, मग प्रश्न, मग गृहपाठ. सगळं मिळून पस्तीस मिनिटं.

गुरुवारी अकरा वाजता पाचवीच्या अडतीस मुली मांड्या घालून बसल्या. मागे खुर्चीत अमरावतीहून आलेले परीक्षक होते. डोक्यावर काळी टोपी, हातात घड्याळ, आणि सकाळपासून चार जणींना नापास केल्याचं समाधान चेहऱ्यावर. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापिका शुभदाबाई पदराने वारा घेत होत्या.

"मुलींनो," रत्नप्रभेने प्रस्तावना सुरू केली, "घरातली मुलगी सासरी जाते, तेव्हा काय होतं?"

"जेवन!" तीन मुली एकदम म्हणाल्या.

इतक्यात बाहेर घुंगरं वाजली, आणि खिडकीतून एका बैलाने आत डोकं घातलं. शिंगांना कवड्यांच्या माळा, पाठीवर आरशांनी लखलखणारी झूल. त्याच्यामागे दोरी धरून हंसाबाईंचा नवरा धावजी, आणि नव्या ओढण्या घेतलेल्या हंसाबाई नि त्यांच्या तांड्यातल्या मानीबाई आणि गंगी. अडतीस मुली एका झटक्यात उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?" परीक्षक ओरडले.

"बैल हाय," धावजीने सांगितलं.

"शैक्षणिक साहित्य आहे, सर," रत्नप्रभा घाईघाईने म्हणाली.

"टाचणात लिहिलंय का तसं? दाखवा टाचण!"

टाचण खिडकीत ठेवलेलं होतं. बैल नवव्या पानापर्यंत आला होता.

"होतं, सर," रत्नप्रभा म्हणाली.

हंसाबाईंचं या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. त्यांनी खिडकीतूनच सांगितलं, "चाल छोरी, बाहीर ये. बैलावर उभी राह्यल्याबिगर पोरगी जात नसते आमची." टाचण बैलाच्या पोटात गेल्यावर रत्नप्रभेपाशी दुसरा उपाय तरी काय होता? वर्ग अंगणात आला. फळा, परीक्षकांची खुर्ची आणि शुभदाबाईंचं टेबल बाहेर आलं. टेबलावरून रत्नप्रभा बैलाच्या पाठीवर चढली. एका बाजूने मानीबाईंनी धरलं, दुसऱ्या बाजूने गंगीने. वर उभी राहून तिने दोन्ही हात उंच केले, आणि तिला कंपाउंडच्या भिंतीपलीकडे पांढरकवड्याकडे जाणारा रस्ता दिसला. मुकुटबनची मोटर त्याच रस्त्याने जात असे. तिला एकदम इतका आनंद झाला, की ती परीक्षकांना विसरून गेली.

ती खाली उतरली, तशी हंसाबाईंनी तिच्या गळ्यात हात टाकले आणि ढावलो सुरू केला. मुलींना कळावं म्हणून अर्धं त्यांच्या गोर बोलीत, अर्धं मराठीत. समोर दिसेल ते सगळं त्यात येऊ लागलं. फळ्या, तुले आता कोन पुसन? घंटे, तू कोनाले हाक मारशीन? पोरी चालली, अन् घडी हाती धरून बसलेल्या टोपीवाल्या बापू, तुमी तरी तिले कायले अडवलं नाई?

परीक्षकांनी घड्याळ खिशात घातलं.

रीत अशी, की निघालेल्या मुलीने प्रत्येकाच्या गळ्यात पडून निरोप घ्यायचा. एक जण जरी राहिली तरी तिचा अपमान. मुली ओळीने उभ्या राहिल्या. पहिल्या चौघी हसल्या, पाचवी हुंदका देऊन रडली, आणि मग ओळीत कोणाला हसू आलं नाही. पाच मिनिटं संपली, पस्तीसही संपली.

"अहो, थांबवा हे!" परीक्षक म्हणाले.

"निम्म्याच झाल्या सर," रत्नप्रभा डोळे पुसत म्हणाली. "बाकीच्यांना वाईट वाटेल."

परीक्षकांनी शुभदाबाईंकडे मदतीसाठी पाहिलं. त्या ओळीत उभ्या होत्या.

याच वेळी कचेरीचा चपराशी धर्मपाल सायकलवरून शाळेसमोरून गेला. पाच मिनिटांत तो नरहरपंतांच्या टेबलाशी पोचला. "पंत, तुमी इथं नकला करून राह्यले, अन् तिकडं शाळेत तुमच्या पोरीची पाठवणी चालू हाय! बैलावर उभी व्हती म्हने!"

"पाठवणी? कोणाबरोबर?"

"थे नाई समजलं. बैलवाला तं म्हातारा हाय."

नरहरपंत कानावरच्या लेखणीसकट धावत सुटले. शाळेच्या फाटकातून ते आत शिरले तेव्हा ओरडण्यासाठी त्यांचं तोंड उघडलेलंच होतं. पण त्यांच्याआधी हंसाबाई ओरडल्या, "बाप आला!" आणि त्यांनी रत्नप्रभेला सरळ बापाच्या गळ्यात लोटलं. मानीबाईंनी आणि गंगीने सूर धरला. बापा, सकाळी तुले हाक कोन मारन? तुह्या चहात साखर कोन घालन? तुहा दुसरा कप कोन भरन?

दुसऱ्या कपाला नरहरपंतांचं तोंड मिटलं. बायको गेली तेव्हा पोर लहान म्हणून ते रडले नव्हते. आल्यागेल्यांची उठबस करत राहिले होते. ते आठ वर्षांचं रडू आता एकदम आलं. त्यांनी मुलीला घट्ट धरलं आणि ते असे हंबरले, की बैलाने रवंथ थांबवलं.

परीक्षकांनी चष्मा काढला. वैशाखात त्यांच्याही मुलीचं लग्न झालं होतं, आणि पाठवणीच्या वेळी ते मांडववाल्याशी भांडत होते. त्यांनी नाक शिंकरलं, वही उघडली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "टाचण नाही. वेळेचं भान नाही. गृहपाठ दिलेला नाही." मग बराच वेळ लेखणी हवेतच ठेवून त्यांनी शेवटचा शब्द लिहिला, "पास."

मुलींनी असा काही गलका केला, की धावजीला बैल आवरेना. नरहरपंतांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. "बरं, झालं सगळं. चल आता घरी."

हंसाबाई आडव्या आल्या. "घरी? आता कायची घरी? पोरगी बैलावर उभी राह्यली, साऱ्याइच्या गळ्यात पडली. आता माघारी फिरत नसते. आज माह्या घरी राहीन, उद्या आमी मोटरीत बसवून देऊ."

"अहो बाई, ते शाळेतलं होतं! खोटं होतं!"

"तुमी रडले, थे बी खोटं व्हतं?"

नरहरपंतांनी परीक्षकांकडे पाहिलं. परीक्षक वहीत काहीतरी शोधत होते. पंतांची हयात नकला उतरवण्यात गेली होती; अस्सल कोणतं आणि नक्कल कोणती, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"बाबा," रत्नप्रभा हळूच म्हणाली, "रडतच निघाले की मी."

संध्याकाळी तांड्यात हंसाबाईंच्या अंगणात रत्नप्रभा मानीबाईंकडून आरसे टाचायला शिकत होती. तेवढ्यात धर्मपालची सायकल येताना दिसली. मागे नरहरपंत बसले होते, मांडीवर पेटी आणि काखेत वळकटी.

"बाप आला!" हंसाबाईंनी हाक दिली, आणि तिघी लगबगीने उठल्या.

"नको! नको! थांबा!" पंत दोन्ही हात वर करून ओरडले. पेटी खाली पडली. ती त्यांनी उचलून ओट्यावर ठेवली, कोटाच्या आतल्या खिशातून पत्र काढलं आणि मुलीच्या हातात दिलं. आठ दिवसांत पत्राला त्यांच्या छातीचा बाक आला होता.

"सोमवारी वेळेवर हजर हो," ते म्हणाले. मग बैलाकडे बघत, जरा आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "रत्ने, साखरेचा डबा कोणता गं? दुपारपासून दोनदा मिठाचा चहा प्यालोय."