बोडक्याचा शिक्का

सोमवारी सकाळी कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बायकोने सवयीप्रमाणे शिक्केवाल्यांच्या पँटचे खिसे उलटे केले. डाव्या खिशातून रुमाल, बसचं तिकीट आणि संत्र्याच्या दोन बिया निघाल्या. उजव्या खिशातून लाकडी मुठीचा एक छोटा रबरी शिक्का निघाला.

"अहो, हे काय आणलंत?"

शिक्केवाले गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. त्यांनी शिक्का पाहिला आणि पिशवी घसरून पावलावर पडली तरी त्यांना कळलं नाही.

"हा बोडक्याचा आहे," ते म्हणाले.

"कुठल्या बोडक्याचा?"

"काल चढलो ना, त्या डोंगराचा. वर डब्यात असतो तो."

शिक्केवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. दस्त नोंदणीच्या कचेरीतला गोल शिक्का अठ्ठावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी तो एक दुपारभर हरवला होता. शेवटी साहेबांच्याच जेवणाच्या डब्याखाली सापडला, पण ठपक्याचं पत्र मिळालं ते यांना. त्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. शिक्का मारायचा, फडक्याने पुसायचा आणि थेट उजव्या खिशात टाकायचा. चहाला जाताना शिक्का खिशात, हात धुवायला जाताना शिक्का खिशात. पाच वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, पण उजव्या हाताला कोणी तसं लेखी कळवलं नव्हतं.

निवृत्तीनंतर माणसं काही ना काही मागे लावून घेतात, तसे शिक्केवाले डोंगरांच्या नादी लागले. गावात एक डोंगरयात्री मंडळ होतं. मंडळाने आसपासच्या बत्तीस डोंगरांची यादी केली होती. एकट्याने चढायचं, उजेड असेपर्यंत घरी परत यायचं, शिखरावरच्या डब्यातल्या वहीत सही करायची आणि तिथला शिक्का आपल्या पुस्तिकेत उमटवायचा, असा नियम. बत्तीस पुरे करणाऱ्याचं नाव मंडळाच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत लागे. फळ्यावर आता एकाच नावाची जागा उरली होती आणि भिंतीची ओल गेल्याशिवाय नवा फळा नाही, असं सेक्रेटरींनी जाहीर करून टाकलं होतं.

शिक्केवाल्यांचे एकतीस झाले होते. राहिला होता फक्त आडवा नावाचा डोंगर. पण गुडघा पार कामातून गेलेला. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर एकही डोंगर नको म्हणत होते. शिक्केवाल्यांनी तासभर त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा ते म्हणाले, "बरं, एक. एकच. काठी घेऊन." तो एक म्हणजे आडवा, शनिवारी व्हायचा होता. कालचा बोडका डॉक्टरांना सांगितलेलाच नव्हता.

"मग शनिवारी हा परत ठेवून या," बायको म्हणाली.

"शनिवारी आडवा आहे."

"दोन्ही करा."

"आडवा इकडे, बोडका तिकडे. आणि गुडघ्यात एकाच डोंगराचा जीव आहे."

बायकोने मशीनचं झाकण लावलं. "बत्तीस डोंगर झाले की बत्तीस दात शाबूत घेऊन गप घरी बसा, म्हणजे झालं."

दुपारी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. ते शाळेत कवायत शिकवत असत आणि फोनवरही सावधान स्थितीत उभे राहून बोलत असावेत असं वाटे.

"शिक्केवाले, गंभीर प्रकार घडलाय. बोडक्याचा शिक्का चोरीला गेला. आज सकाळी आपल्या मंडळातला बेकरीवाला वर गेला होता. वही आहे, शाईची डबी आहे, शिक्का नाही. मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही."

शिक्केवाल्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं," ते म्हणाले.

"वहीत शेवटची सही तुमची आहे."

"बरं."

"म्हणजे तुम्ही गेलात तोवर शिक्का जागेवर होता, हे सिद्ध होतं. तुमच्यासारख्या माणसाच्या शब्दावर कोण शंका घेणार? अठ्ठावीस वर्षं शिक्का सांभाळलेला माणूस. म्हणून कमिटीने ठरवलंय, चौकशी तुम्हीच करायची. मंगळवारी ऑपरेशन आहे ना? त्याआधी लेखी अहवाल द्या."

खरं सांगायची हीच वेळ होती. पण सेक्रेटरींनी आभार मानून फोन ठेवलासुद्धा.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"चोर शोधायला सांगितलंय."

"मग बरं झालं. लांब जायला नको."

शिक्केवाल्यांनी शिक्का टपालाने पाठवायचा विचार केला. पाकिटावर डाव्या हाताने पत्ता लिहून पाहिला. तो उजव्या हातापेक्षा सुवाच्य आला आणि तरीही त्यांचाच आहे हे लांबून ओळखू येत होतं. पाकीट फाडून टाकलं.

बायको समोर बसून बटाटे सोलत होती. तिने सहज विचारलं, "त्या केमिस्टचे किती झाले हो?"

शिक्केवाल्यांचा हात उजव्या खिशाकडे गेला. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाचा मालक त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याचेही एकतीस झाले होते. आडवा त्याने कधीच केला होता. त्याचा राहिला होता तो बोडका.

"म्हणजे त्याला हवा तोच शिक्का तुमच्या खिशात," बायको म्हणाली. "आणि जागा एकच. लोक काय म्हणतील ते मी सांगायला नको."

तिने खरंच सांगितलं नाही. ती सोलत राहिली, आणि शिक्केवाल्यांना लोक काय म्हणतील ते अगदी शब्दन् शब्द ऐकू येऊ लागलं.

संध्याकाळी मलम आणायला म्हणून ते औषधाच्या दुकानात गेले. केमिस्टचा चेहरा पाहावा असा बेत होता. केमिस्ट काउंटरमागे शीळ घालत बाटल्या लावत होता.

"या भाऊसाहेब. ऐकलंत ना? बोडक्याचा शिक्का गेला."

"ऐकलं. वाईट झालं. तुमचं तर अगदी शेवटचंच होतं."

"हो ना. आता काय करणार? शिक्काच नाही म्हटल्यावर चढून उपयोग काय?" केमिस्टने मलमाच्या दोन ट्यूब कागदात गुंडाळल्या. "एक माझ्यातर्फे. राहू द्या हो."

शिक्केवाले घरी येऊन बायकोला म्हणाले, "फार मनाला लावून घेतलंय त्याने. हसत होता बिचारा. दुःख फार झालं की माणूस तसा हसतो."

त्या रात्री आडव्याची पुस्तिकेतली रिकामी चौकट त्यांनी बऱ्याच वेळा उघडून पाहिली. शुक्रवारी रात्रीपर्यंत त्यांनी काही ठरवलं नाही. शनिवारी पहाटे बसस्टँडवर आडव्याची बस आधी लागली. शिक्केवाल्यांनी तिच्या दांडीला हात लावला, पायरीवर पाय ठेवला आणि मागच्यांना वाट देण्यासाठी खाली उतरले. मग ती गेली. बोडक्याची बस पंधरा मिनिटांनी आली.

बोडक्यावर झाड म्हणून नाही. खालून वरपर्यंत नुसता दगड, आणि वाट अशी की आपण कुठवर आलो हे साऱ्या जगाला दिसावं. शिक्केवाले शंभर पावलं चालत, थांबत, गुडघ्याला दोन शब्द बोलत आणि पुन्हा चालत. एरवी दोन तासांची चढण त्यांनी साडेतीन तासांत उरकली. वर कोणी नसणार, शिक्का डब्यात टाकायचा, अहवालात लिहायचं, 'शिक्का वहीखाली आढळला, कोणाचाही दोष नाही.' वाक्य त्यांनी चढता चढता तीनदा घोकलं.

शिखरावर डब्याजवळ केमिस्ट बसला होता. उकडलेलं अंडं सोलत होता.

"भाऊसाहेब? तुम्ही इकडे?"

"चौकशी," शिक्केवाले धापा टाकत म्हणाले. "जागेची पाहणी. आणि तुम्ही?"

"मीही तेच. खात्री करून घ्यावी म्हटलं. नाहीये शिक्का. डबा तीनदा झटकला."

"पुन्हा एकदा बघू," म्हणून शिक्केवाले डब्यावर वाकले. पाठ केमिस्टकडे केली, खोकले, आणि शिक्का वहीखाली सरकवला. "हा काय. इथेच आहे की."

केमिस्टने अंडं खाली ठेवलं. तो डब्याकडे पाहत राहिला, मग शिक्केवाल्यांच्या उजव्या खिशाकडे. खिशाचं अस्तर बाहेर लोंबत होतं.

खोटं बोलायची सवय नसली की माणूस एका खोट्यावर दमतो. शिक्केवाले दगडावर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. कचेरी, ठपक्याचं पत्र, खिसा, मशीन. "मुद्दाम नाही हो केलं," ते म्हणाले. "तुमची अडवणूक करायचं माझ्या मनातही नव्हतं. घ्या, उमटवा. फळ्यावरची जागा तुमची."

केमिस्टने तळहातांवरची अंड्याची टरफलं झटकली. मग हलकेच म्हणाला, "भाऊसाहेब, तो परत खिशात ठेवता का?"

"काय?"

"कोणी बघितलं नाही. मी डोळे मिटतो."

"अहो, पण तुमचे बत्तीस पुरे होतील."

"तेच तर." केमिस्टने खाली गावाकडे पाहिलं, जणू एवढ्या लांबूनही त्याचं बोलणं घरी ऐकू जाईल. "दीड वर्ष बोडका टाळतोय मी. पाऊस आहे, ऊन आहे, बूट चावतात. सारखं कारण कुठून आणायचं? आमच्या हिने सांगून ठेवलंय, बत्तीस झाले की रविवार तिचा. तिने यादी केलीय. माळा आवरायचा, नळ बदलायचे, पलंगाला रंग. आणि दर रविवारी दुपारी तिच्या थोरल्या भावाकडे जेवायला. ते जेवण झालं की मुतखड्याची गोष्ट सांगतात. खडा बाटलीत ठेवलाय, तो फिरवतात सगळ्यांत."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. शिक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात काउंटरवरच नाचलो असतो, गिऱ्हाईक होतं म्हणून थांबलो."

आता डोंगरमाथ्यावर असा वाद सुरू झाला की चोरी केलेला माणूस माल परत घ्या म्हणतो आणि ज्याचा गेला तो हात जोडून नको म्हणतो. "मला अहवाल द्यायचाय," शिक्केवाले म्हणत. "द्या ना, शिक्का सापडला नाही म्हणून," केमिस्ट म्हणे. "मग पुढच्या माणसाने काय उमटवायचं?" "त्याच्याही बायकोची यादी असेल, भाऊसाहेब."

शेवटी केमिस्टने आपली पुस्तिका काढून दाखवली. "हे बघा, एकतीस शिक्के. सुख या रिकाम्या चौकटीत आहे माझं."

पुस्तिका उघडी होती. चौकट कोरी होती. शिक्केवाल्यांच्या एका हाताला शिक्का लागला, दुसऱ्याला शाईची डबी. अठ्ठावीस वर्षं समोर आलेला कोरा कागद या हाताने असा कधी सोडला नव्हता. ठप्प असा आवाज झाला. शिक्का अगदी सरळ, चौकटीच्या बरोबर मध्ये उमटला होता.

दोघेही पुस्तिकेवर वाकले.

"सुरेख आलाय," केमिस्ट अखेर म्हणाला आणि उरलेलं अंडं न खाताच उठला.

उतरताना केमिस्टनेच शिक्केवाल्यांना हाताला धरून आणलं. वाटेत एकदाच बोलला. "माळ्यावर तीन ट्रंका आहेत," तो म्हणाला.

रविवारी शिक्केवाले अहवाल लिहायला बसले. केमिस्टचे उपकार डोळ्यांसमोर होते, पण सरकारी कागदासारखा कागद पुढे आला की त्यांना खोटं सुचतच नसे. त्यांनी लिहिलं, 'सदर शिक्का चौकशी अधिकाऱ्याच्याच उजव्या खिशात गेल्याचे आढळून आले. हेतू वाईट नव्हता, सवय वाईट होती. सदर अधिकाऱ्याने शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता शिक्का जागेवर ठेवला. त्या वेळी शिखरावर औषध दुकानदार हजर होते. त्यांच्या पुस्तिकेत शिक्का सदर अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने मारला.' खाली सही केली आणि आपलं नाव कायमचं गेलं असं समजून अहवाल पाठवून दिला.

सोमवारी सेक्रेटरींचा फोन आला.

"असा प्रामाणिक अहवाल मी आयुष्यात वाचला नाही. तुमचं प्रकरण मिटलं. कमिटीने यापुढे शिक्के दोरीने बांधायचे ठरवलंय. पण केमिस्टचं अवघड आहे."

"त्यांचं काय?"

"यादी एकट्याने चढायची आहे. शिखरावर दोघे एकदम सापडले तर ती सहल. तुमच्या लेखी पुराव्याने त्यांची चढाई रद्द झाली. शिक्क्यावर मी लाल शाईने फुली मारली. मला वाटलं, वाईट वाटेल त्यांना, पण खिलाडू माणूस हो. माझा हात हातात घेऊन सोडेचनात."

ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी शिक्केवाले घरी आले आणि त्याच संध्याकाळी केमिस्ट औषधांची पिशवी घेऊन हजर झाला. शिक्केवाल्यांच्या बायकोने खुर्ची पुढे केली.

"काय भावोजी, परत कधी जाणार बोडक्यावर?"

"छे, वहिनी. हे अंथरुणात असताना मी जाऊन जागा पटकवायची? ते शोभतं का? मी घरी सांगून टाकलंय, भाऊसाहेब आडव्यावर जाण्याइतके बरे होतील, त्याच रविवारी मी बोडक्यावर. तोवर आम्हा दोघांची यादी जिथल्या तिथे. हिलाही पटलं. म्हणाली, माणुसकी आहे तुमच्यात."

"मग रविवारी करता काय?"

"सराव. चालायची सवय राहायला नको का? सकाळी जातो ते संध्याकाळीच येतो."

शिक्केवाले उशीला टेकून बसले. "डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांत डोंगर चढाल."

"डॉक्टर बोलतात हो," केमिस्ट काळजीच्या सुरात म्हणाला. "गुडघ्याचं काम आहे. वर्षभर तरी घाई करू नका." त्याने पिशवीतून गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर रचल्या. "ही सुजेवर. ही पांढरी झोपेची, सकाळ-संध्याकाळ घ्यायची."

बायकोने डॉक्टरांची चिठ्ठी उजेडात धरली. "यात तर झोपेची रात्री एकच लिहिलीय. आणि तीही पाचच दिवस."

"अक्षर बघितलंत का डॉक्टरांचं?" केमिस्ट म्हणाला. "मी रोज वाचतो, मला कळतं. आराम करू द्या त्यांना."

तो गेल्यावर शिक्केवाल्यांनी पांढऱ्या गोळ्या मोजून पाहिल्या. त्या वर्षभर पुरतील इतक्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून बायको औषधं आणायला तीन थांबे पलीकडच्या दुकानात जाऊ लागली.