येणाऱ्या गाडीची अर्थिंग

"योगिनी, या कूलरले हात लावला का झिणझिण्या येतात व," सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी लेकीला, काजलला भरवत होते.

"आई, तुमचे हात ओले असतील," मी म्हणाले. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलेलं असल्यामुळे या विषयात माझं मत अंतिम मानलं गेलं आणि तक्रार निकाली निघाली.

त्याच सुमारास आमच्या घराने भविष्याची तयारी सुरू केली. माझे सासरे पंजाबराव यांनी जाहीर केलं की पोर्चमध्ये इलेक्ट्रिक कार चार्ज करायची सोय करून ठेवायची. कार कोणती, कधी, कशाच्या भरवशावर, हे प्रश्न क्षुल्लक असल्याने विचारात घेतले गेले नाहीत. आमच्याकडे एक स्कूटर आहे. ती पेट्रोलवर चालते, म्हणजे ज्या दिवशी चालते त्या दिवशी.

"बाबा, आधी गाडी तर येऊ द्या."

"सूनबाई, गाडी त कोनीबी घेते. तयारी कोन करते?"

आमच्या वरवट बकाल गावात अशी तयारी खरंच कोणी केलेली नव्हती. माझा नवरा सागर मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबांचं व्हिजन आहे."

व्हिजनच्या आड पहिल्यांदा आल्या पोर्चमधल्या वस्तू. पापड वाळवायची बाज गच्चीवर गेली, स्कूटर रस्त्यावर गेली, आणि बाहेरून खिडकीला लावलेला लोखंडी कूलर मधल्या खोलीत, देवघराला खेटून आला. नसलेल्या गाडीला वळायला जागा झाली. मधल्या खोलीत आमची दहा महिन्यांची काजल रांगते. ती नुकतीच उभी राहायला शिकली आहे, आणि हाताला येईल ते धरून उभी राहते.

मग वायरमन गोकुळ आला. त्याने बोटाएवढी जाड वायर ओढली. करंट जरा भलतीकडे गेला की क्षणात बंद पाडणारा भारीतला ब्रेकर बसवला आणि तो घराच्या मेन स्विचसकट काचेच्या पेटीत ठेवला. पेटीला कुलूप लावलं. किल्ली बाबांच्या जानव्याला.

"गोकुळभाऊ, असाच ब्रेकर घरालाही बसवा ना."

"घराले काय होते, वहिनी? इतक्या वर्सात मेलं काय कोनी?"

मेलं नव्हतं.

वीज कंपनीकडून तपासणीचे साहेब आले. त्यांनी चार्जिंगच्या पॉइंटभोवती प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "पॉइंटला स्वतंत्र अर्थिंग हवी. वाहन नाजूक असतं." अर्थिंग म्हणजे वाट चुकलेल्या करंटला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जाण्यासाठी दिलेला रस्ता. त्यासाठी खड्डा खणायचा तर अंगणातल्या कोऱ्या पेव्हर ब्लॉकला हात लावावा लागणार होता. "फरशी फोडू देनार नाही," बाबा म्हणाले. गोकुळने डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. घरामागे घराच्या अर्थिंगचा जुना खड्डा होताच. त्याची तार घराकडून काढायची, पॉइंटला द्यायची.

साहेबांनी लिहिलं : "घराची विद्यमान अर्थिंग प्रस्तावित वाहनाकडे वर्ग करण्यात येत आहे."

"आणि घराला काय?" मी विचारलं.

"मॅडम, माझ्यासमोर अर्ज चार्जिंगचा आहे. घराचा नाही."

"घरात लहान मूल आहे हो साहेब."

"ते झालेलंच आहे ना? आमचं खातं जे यायचंय त्याचं बघतं."

खड्डा मात्र कोरडा ठणठणीत निघाला, आणि करंट जमिनीत मुरायला माती ओली लागते. घराची अर्थिंग होती तोवर त्यात कोणी तांब्याभर पाणी ओतलं नव्हतं. आता ती वाहनाची झाल्यामुळे साहेबांनी रोज पाणी घालण्याची सूचना दिली. नळाला पाणी आठवड्याने येतं, पण वाहनासाठी एक बादली बाजूला निघाली. बादली वाहण्याच्या पदावर सासूबाईंची बिनविरोध नेमणूक झाली. त्या आधी खड्ड्यात पाणी घालत, आणि तशाच ओल्या पावलांनी येऊन कूलर भरत.

अक्षय्य तृतीयेला पॉइंटचं उद्घाटन झालं. हार घातला, नारळ फोडला. शेजारचे वामनराव पॉइंटला टेकून फोटो काढून गेले. गाडी कुठे आहे, असं एकाही पाहुण्याने विचारलं नाही. सगळे सुशिक्षित होते.

त्याच संध्याकाळी सासूबाई हात चोळत माझ्याकडे आल्या. "आता झिणझिण्या नाही व माय. आता चावते."

या वेळी मी ऐकलं. प्लग काढून ठेवला. बाबांनी तो पुन्हा लावला. "पोरगी घामानं भिजून राह्यली! कशी माय हायेस तू?" बेचाळीस डिग्रीत या प्रश्नाला फिजिक्समध्ये उत्तर नाही. सागरने मात्र विषय गांभीर्याने घेतला आणि आईसाठी रबरी चप्पल आणली.

"देवाजवळ चप्पल? काऊन रे, मतीबिती फिरली काय तुही?" म्हणत सासूबाईंनी ती उंबऱ्याबाहेर काढून ठेवली. सुरक्षेची उपाययोजना अशा रीतीने उंबऱ्यापर्यंत पूर्ण झाली.

आणि एका दुपारी बादली पडल्याचा आवाज आला. मी धावले. सासूबाईंचा हात कूलरच्या पत्र्याला चिकटला होता, तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. काजल त्यांच्या ओल्या पदराकडे रांगत निघाली होती, धरून उभं राहायला. मेन स्विच काचेच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली बाबांकडे. मी कपडे धुवायचं धोपटणं उचललं आणि प्लगवर हाणलं. प्लग निघाला. सासूबाई खाली कोसळल्या. काजल वीतभर अंतरावर होती.

माझा ओरडा ऐकून बाबा धावत आले, ते थेट पोर्चमध्ये गेले. कुलूप काढलं, वाकून पाहिलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "पॉइंटले काही झालं नाही!"

सासूबाई वाचल्या. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. गोकुळने पाहणी केली, तेव्हा पॉइंटचा ब्रेकर पडलेला नव्हता, त्याअर्थी दोष कुठेच नव्हता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "खड्ड्यात पानी टाकलं काय कोनी?"

टाकलं होतं. सागरने.

कूलर मी भंगारात दिला. घराच्या नव्या अर्थिंगसाठी फरशीही फोडली, बाबा अजून बोलत नाहीत माझ्याशी. गाडी अजून आलेली नाही. ती संपूर्ण सुरक्षित आहे.

तुम्ही हे पंख्याखाली किंवा कूलरसमोर बसून वाचत असाल. इथंच थांबा. तुमच्या घरी कूलरमध्ये पाणी कोण भरतं? आई, बायको, कामाला येणारी मावशी, जी कोणी असेल तिच्याकडे जा आणि विचारा, हाताला काही लागतं का. "थोडंसं" म्हणाली तर आधी प्लग काढा. आणि तुमचे हात ओले असतील, असं तिला सांगू नका. पाणी भरणारीचे हात ओलेच असतात.