ज्याचं पाणी त्याला

साल २०१४, डिसेंबरचा दुसरा आठवडा, थंडी कडाक्याची. त्या सोमवारी सुनेनं आमच्या घरात तिचं यंत्र चालू केलं. मंगळवारी मी त्यात हात घातला.

इमारती हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात गार कशा ठेवायच्या, याची डिझाइनं माझी सून करते. शेगडी नाही, धूर नाही. अंगणात दोन बोअर. जमिनीखालचं पाणी बारा महिने सारखंच कोमट असतं. ते एका बोअरमधून वर येतं, यंत्र त्यातली ऊब काढून घरात सोडतं, आणि गारठलेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून जमिनीत परत जातं. उन्हाळ्यात उलटं. घरातला उकाडा पाण्याबरोबर जमिनीत. मी जन्मभर नळजोडणी केली, शाळा चौथीपर्यंत. पण अक्कल कुठे आहे ते मला दिसतं. पोरगी हुशार आहे. (तिला तसं बोललो नाही. सवय नाही.)

सोमवारी संध्याकाळी बायकोनं शाल काढून ठेवली. मी फक्त एकच विचारलं.

"दुसऱ्या बोअरमधलं पाणी पुढे कुठे जातं?"

"जमिनीखालून उताराकडे, बाबा." तिनं अंगणाच्या भिंतीपलीकडे बोट दाखवलं.

भिंतीपलीकडे कंडक्टर राहतो. बसमधून रिटायर झाला, नाव तेच राहिलं. त्यानं एकदा माझ्या शिडीला वाकडी म्हटलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आणि आता माझं पाणी, फुकट, या माणसाच्या विहिरीत?

मंगळवारी सून ऑफिसला गेली. मी अंगणातल्या पाइपांच्या खड्ड्यावरचं झाकण काढलं, पाना घेतला आणि परतीचा पाइप पहिल्याच बोअरकडे वळवला. जिथून घेतलं तिथेच परत. चोख व्यवहार. झाकण लावलं, हात धुतले.

बुधवारी बायकोनं शाल घेतली. गुरुवारी शालीवर स्वेटर. शुक्रवारी तिनं कानटोपी घातली आणि मला म्हणाली, "अहो, बाहेर अंगणात बसू या का? तिथे जरा ऊन तरी आहे."

सुनेचा चेहरा उतरला होता. रविवारी शाळेच्या मोठ्या बाई आमचं घर बघायला येणार होत्या. पसंत पडलं तर शाळेच्या नव्या इमारतीचं सगळं काम सुनेला. तिचं पहिलं मोठं काम. तिनं गाळणी साफ केली, पंप तपासला, पुन्हा पुन्हा आकडे मांडले. शनिवारी सकाळी पहिल्या बोअरचं पाणी मोजलं. बर्फासारखं.

"माझंच गणित चुकलं, बाबा," ती म्हणाली. "बाईंना फोन करून येऊ नका म्हणते."

तिचं गणित चुकलं नव्हतं. ते चुकलं असं मी ऐकून घेणार नव्हतो, तिच्याकडूनसुद्धा.

"फोन ठेव," मी म्हणालो. "चल."

खड्ड्याचं झाकण उचलून दाखवलं. ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"जोड तुम्ही मारलात?"

"हो."

"एक थेंब गळत नाही."

"गळेल कसा?"

"आपण गार केलेलंच पाणी पुन्हा वर ओढतोय, बाबा. आणि पुन्हा गार करतोय. चार दिवस." मग ती मटकन खाली बसली आणि हसत सुटली. (मी हसलो नाही.)

पाइप मी तासाभरात जागेवर आणला. पण बोअर पुन्हा कोमट व्हायला आठवडा लागणार, असं ती म्हणाली. उद्यापुरतं दुसऱ्या विहिरीचं पाणी मिळालं तर निभेल. जवळ विहीर एकच होती.

मी भिंतीपाशी गेलो. कंडक्टर पेपर वाचत होता. मी खाकरलो. त्यानं पान उलटलं. मी पुन्हा खाकरलो.

"औषध घे," तो म्हणाला.

"पाणी पाहिजे."

"प्यायला?"

"यंत्राला. उद्या दिवसभर."

"कुठून कुठे?"

"तुझ्या विहिरीतून माझ्या यंत्रात. तिथून जमिनीखालून परत तुझ्या विहिरीकडे."

"म्हणजे रिटर्न तिकीट." त्यानं पेपर घडी करून ठेवला. "पाइप टाक. पोरीसाठी देतोय, तुझ्यासाठी नाही."

रविवारी बाई आल्या. आल्या आल्या त्यांनी कोट काढला. सुनेनं त्यांना पाणी कसं येतं, कसं जातं, दोन बोअर इतके लांब का ठेवायचे, सगळं समजावलं. मी दाराशी उभा राहून ऐकलं. शहाण्या माणसासारखी बोलत होती. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. बाईंनी जाता जाता काम तिलाच दिलं. बायकोनं डोळे पुसले. मी पाना पुसला.

संध्याकाळी पाइप गुंडाळायला भिंतीपाशी गेलो. सून बरोबर होती. कंडक्टर वाटच बघत होता.

"माझं पाणी?"

"गेलं परत. सगळंच्या सगळं."

"यंत्रानं त्यातून काय काढून घेतलं?"

"ऊब."

"मग ती कधी देतोस?"

"काका, तुमच्या विहिरीपर्यंत पोचेपर्यंत जमीनच ते कोमट करते," सून म्हणाली.

"ते जमीन देते, पोरी. हा काय देतो?"

मी सुनेकडे पाहिलं. तिनं आभाळाकडे पाहिलं.

मी घरात गेलो, बादलीभर पाणी तापवलं आणि भिंतीवरून पुढे केलं. कंडक्टरनं बोट बुडवून पाहिलं.

"थोडं अजून," तो म्हणाला.

मी बादली परत नेली. अजून तापवली. आणून दिली. त्यानं घेतली.