टिल्लूचा घास आणि मोराचा नाच

एका जंगलात, बाळांनो, टिल्लू नावाचं वानराचं पिल्लू होतं. त्याची आई भिवरा काळजी करण्यात पहिल्या नंबरची. टिल्लू नुसता शिंकला तरी ती झाड बदलायची.

एकदा टिल्लू उंबर खाईना. चिवचिव करून झालं, गुदगुल्या करून झाल्या. तेवढ्यात समोर मोर नाचला. टिल्लूनं आश्चर्यानं आ केला. भिवरानं पटकन उंबर आत सारलं. गट्टम!

"मोरभावजी, उद्यापण याल का हो? घासापुरतंच."

"घरचंच समजा वहिनी. पहिला नाच फुकट."

दुसऱ्या दिवसापासून नाचामागं उंबर द्यावं लागलं. मग टिल्लूला एक मोर पुरेना. दोन लागले. मग दोन मोर आणि ठेक्याला सुतारपक्षी. भिवरा दिवसभर उंबरं तोडायची आणि नाचणारे खायचे. मोर इतका सुटला की गिरकी घेताना धापा टाकायचा. टिल्लूची मात्र काडी झाली.

भिवरा घाबरली. टिल्लूला पोटाशी धरून बगळेसरांकडे पळाली. सर तळ्यात एका पायावर उभे राहून सवयींचा अभ्यास करायचे.

"सर, पोरगं मोराशिवाय तोंडच उघडत नाही हो!"

"अभिनंदन!" सर म्हणाले. "मुलगा हिशेबी आहे. आज नाच पाहिला की उद्याच्या नाचाची गोडी वाढते, हे तो जाणतो. पुढच्या सगळ्या आयुष्याचा विचार करून त्यानं हे व्यसन निवडलंय."

"कुणी? यानं? अहो, याला अजून स्वतःचं शेपूट ओळखू येत नाही! काल कुणा दुसऱ्याचं समजून कडकडून चावला!"

"तो माझा विषय नाही. उपाय सोपा आहे. पुढच्या महिन्यापासून नाच महागणार, असं आजच सांगून टाका. शहाणं गिऱ्हाईक आजपासूनच कमी करतं."

भिवरानं शेंड्यावर चढून ओरडून सांगितलं. टिल्लूला एवढंच कळलं, की मोर जाणार. त्यानं भोकाड पसरलं. "आत्ता नाचा! सगळे नाचा!" त्या दिवशी पाच मोर लागले.

"साठा करतोय," सर खूश. "फारच हुशार!"

मग पावसाळा सरला आणि मोरांची पिसं गळाली. दरवर्षीच गळतात. पण भिवराचं लक्ष कायम घासावर, मोराकडे कोण बघतंय! मोर आला, वळला, तर मागं काहीच नाही. टिल्लू रडला. भिवरा रडली. मोर तर हुंदके देऊन रडला, त्याला उंबरांची चटक लागली होती.

रडून रडून टिल्लूच्या पोटात कावळे ओरडायला लागले. शेजारी मोरासाठी ठेवलेला उंबरांचा ढीग होता. त्यानं एक उचललं. खाल्लं. दुसरं खाल्लं. मग दोन्ही हातांनी सुरू झाला.

भिवराच्या काळजात धस्स झालं. "अगं बाई! आपणहून खातोय! याला काही झालं तर नाही ना?"

तशीच त्याला उचलून ती पुन्हा तळ्यावर. टिल्लूच्या दोन्ही गालांत उंबरं, दोन्ही मुठींत उंबरं.

सरांनी त्याला नीट न्याहाळलं. वर घेतलेला पाय खाली ठेवला.

"उशीर केलात बाई," ते म्हणाले. "याला उंबरांचं व्यसन लागलंय."

तात्पर्य: मूल जेवत नसेल, तर घाबरू नका, उपाय पुष्कळ आहेत. जेवायला लागलं, तर मात्र ताबडतोब तज्ज्ञांना दाखवा.