दोन किल्ल्यांचं कपाट

कदम सरांना कुणी ‘आज सोमवार’ असं सांगितलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि त्यात त्याचा काय फायदा?” भिंतीवर कॅलेंडर होतं. पण ते कोपऱ्यावरच्या सोनारानं फुकट वाटलेलं, त्यामुळे सरांच्या लेखी तोही एक साक्षीदार होता आणि त्याचीही उलटतपासणी व्हायला हवी होती.

नव्वदीच्या दशकातल्या बंगळूरमधली ही गोष्ट आहे. नवऱ्याला बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी सांगली सोडली आणि शहरातल्या एका कॉलेजात इतिहासाची तात्पुरती प्राध्यापिका झाले. स्टाफरूममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच. सर मूळचे इथलेच. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर आलं आणि परत जायचं राहून गेलं, असं सगळे सांगत. सर स्वतः मात्र म्हणत, “असं आजोबा सांगत. कागद नाही.”

ते अमेरिकेचा राजकीय इतिहास शिकवायचे. सत्तावीस वर्षं तोच विषय आणि अमेरिकेत एकदाही गेलेले नाहीत. तरुणपणी एक शिष्यवृत्ती जवळजवळ पदरात पडली होती. पण मुलाखतीत ‘तुम्हाला आमच्या देशात का यायचंय’ असं विचारल्यावर सरांनी उलट विचारलं, “तुम्हाला हे का जाणून घ्यायचंय?” तिथेच तो विषय मिटला. याची खंत त्यांनी कधी दाखवली नाही. इतिहासकारानं माणसांना भेटू नये, माणसं खोटं बोलतात, कागद वाचावेत, असं त्यांचं मत होतं. कागदही खोटं बोलतात, पण ते आपलं म्हणणं बदलत नाहीत.

वर्गात ते रंगात येत. “घटना लिहिणारी ती माणसं एकमेकांवर काडीचा विश्वास ठेवत नव्हती, म्हणून तर घटना टिकली,” हे त्यांचं दर वर्षीचं पहिलं वाक्य. अध्यक्षावर लक्ष ठेवायला संसद, संसदेवर अध्यक्ष आणि दोघांवर न्यायालय. सरांनी आपलं घरही याच तत्त्वावर चालवलं होतं. चिकपेटमध्ये साड्यांच्या एका दुकानावरच्या माडीवर ते एकटे राहत. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली खालच्या साडीवाल्याकडे, दुसरी समोरच्या कॉफीपूडवाल्याकडे. दोघं आले तरच कपाट उघडणार. स्वतः सरांनाही कपाट उघडायचं तर दोन्ही दुकानांत जाऊन सही करावी लागे. आणि त्या साडीवाल्याचं कॉफीपूडवाल्याशी पटत नाही याची सरांनी आधी नीट खात्री करून घेतली होती.

पण स्टाफरूम त्यांना टरकून असे ते कार्डांमुळे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललात, की सर खिशातून कागदाचा चिटोरा काढून काहीतरी टिपायचे. संध्याकाळी घरी जाऊन ते जाड कार्डावर टाइप करायचे. अमेरिकेत मोठमोठे अधिकारी प्रत्येक बोलण्यानंतर असं टिपण ठेवतात म्हणे. कार्डांचे खोके होते आणि प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी होती: ‘तीस वर्षं उघडू नये.’ तिकडचे गुप्त कागद साधारण तेवढ्या काळानं लोकांना दाखवतात, म्हणून हाच नियम. एकदा मी त्यांना कोथिंबीर महागल्याचं सांगितलं, तर तेही त्यांनी टिपलं. माझ्या कोथिंबिरीत गुप्त ठेवण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं. ते म्हणाले, “ते तीस वर्षांनी कळेल अक्का. स्वल्प धीर धरा.”

आता माझी गोष्ट सांगते. ती सांगताना अजून जीभ जड होते.

त्या जूनमध्ये नियम निघाला. ऐच्छिक विषयाला पाच विद्यार्थी नसतील तर तो विषय बंद. इकडे सगळं बंगळूर अमेरिकेला निघालेलं, गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास. पण अमेरिकेचा इतिहास शिकायला चारच मुलं आली. पाचवी शैलजा, तिचं ठरत नव्हतं. त्याच वर्षी टुरिझम नावाचा नवा विषय निघाला होता आणि तो माझ्या गळ्यात पडला होता. मलाही एक विद्यार्थी कमी पडत होता. माझी दोन वर्षं भरत आली होती, ऑगस्टमध्ये मला कायम करायचं की घरी बसवायचं हे ठरणार होतं. शैलजानं जिन्यात मला विचारलं, “मॅडम, काय घेऊ?” मी म्हटलं, “अमेरिकेचा इतिहास घेऊन काय करणार? टुरिझम घे, नोकरी लागेल.” तिनं घेतलं. सरांचा विषय बंद झाला. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला नागरिकशास्त्र शिकवायला पाठवलं.

आपला विषय कुणी बंद पाडला याची सरांनी चौकशी आरंभली. असा झपाटलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रिन्सिपॉल, टाइमटेबल लावणारा क्लार्क, घंटा वाजवणारा शिपाई, कुणाला सोडलं नाही. “नोटीस बोर्डाच्या काचेची किल्ली कुणाकडे असते?” असं भर मीटिंगमध्ये विचारलं. तीन प्रतींत अर्ज केले. प्रिन्सिपॉल त्यांना बघून दुसऱ्या जिन्यानं उतरायला लागले. स्टाफरूममध्ये जो तो आपली निरपराधिता सिद्ध करण्यात गुंतला होता.

मला मात्र सरांनी एकदाही विचारलं नाही. त्यानं मी जास्तच घाबरले. रोज डब्यातली भाजी त्यांच्यापुढे करायचे आणि म्हणायचे, “सर, कुणीतरी मुद्दाम केलंय हे.” ते माझ्याकडे बघत आणि कानडी वळणानं म्हणत, “सरी, सरी. बरं, शोधतो मी.” आणि मग खिशातून चिटोरा काढत. त्या चिटोऱ्यावर काय लिहितात या विचारानं मी डबा अर्धाच बंद करून उठत असे. ते प्रिन्सिपॉलना सगळं नेऊन दाखवतात, अशी माझी खात्री होत चालली होती. त्यांचा संशयी स्वभाव मलाच लागला होता.

ऑगस्टमध्ये मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. मी पेढे वाटले. सरांनी पेढा वास घेऊन खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, “चौकशी बंद. पुरावा अपुरा.” सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला, सगळ्यांत मोठा मी.

डिसेंबरमध्ये सरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी कपाटात होता आणि तो दोन दिवसांत कॉलेजात द्यायचा होता. सरांनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. पलंगावर आडवं पडून त्यांनी अधिकारपत्र लिहिलं, दोन प्रती. “गठ्ठा आणायचा. बाकी कशाला हात लावायचा नाही.” मी सही केली.

चिकपेटमध्ये साडीवाला आणि कॉफीपूडवाला एकमेकांकडे न बघता माझ्यामागून माडी चढले. आपापलं कुलूप उघडून, आपापल्या वहीत माझी सही घेऊन, ‘जाताना कुलूप दाबून लावा’ असं मला सांगून, पाठोपाठ उतरून गेले. मी गठ्ठा काढला. त्याच्या मागेच खोके होते. त्या वर्षाचा खोका समोर होता. ‘तीस वर्षं उघडू नये.’

मी उघडला. दुसरं कुणी असतं तर न उघडता राहिलं असतं की नाही, मला माहीत नाही. मी राहू शकले नाही.

माझं कार्ड जूनमधलं होतं, शैलजा माझ्याशी बोलली त्याच्या दुसऱ्याच दिवसाचं. इंग्रजीत टाइप केलेलं. ‘शैलजा स्वतः येऊन सांगून गेली. सुलभाअक्कांनी तिला टुरिझम घ्यायला सांगितलं. फायदा कुणाचा: शैलजाचा. अक्कांचाही. सल्ला खोटा नाही.’ आणि खाली हातानं, पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘प्रिन्सिपॉलना कळलं तर हिची नोकरी जाईल. ऑगस्टपर्यंत संशय दुसरीकडे ठेवणे.’

मी खाली फरशीवर बसले. शिपाई, क्लार्क, काचेची किल्ली, तीन प्रतींतले अर्ज, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. सत्तावीस वर्षं शिकवलेला विषय ज्या बाईनं घालवला, तिच्यासाठी हा माणूस दोन महिने सगळ्या कॉलेजकडून स्वतःला वेडा म्हणवून घेत होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

कार्ड परत ठेवताना पुढची कार्डं हाताला लागली. त्यांवर एकेकच ओळ होती. ‘रविवार. संभाषण नाही.’ ‘रविवार. संभाषण नाही.’ दिवाळीच्या सुट्टीत तर अशी सलग बरीच कार्डं होती. एवढ्याशा ओळीसाठीही त्यांनी टाइपरायटर उघडला होता, तारीख घातली होती आणि कार्ड जागेवर लावलं होतं.

मी दवाखान्यात गठ्ठा नेऊन दिला. सरांनी पडल्यापडल्या उत्तरपत्रिका मोजल्या. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सर, मी माझं कार्ड वाचलं.”

ते पंख्याकडे बघत म्हणाले, “तीस वर्षं थांबायचं होतं, अक्का. तुम्ही स्वल्प घाई केली.”

“तुम्हाला माझा राग नाही आला?”

“रागाचं कार्ड वेगळं आहे,” सर म्हणाले. “ते तुम्हाला सापडलं नाही वाटतं.”

मी रडायला लागले. ते गडबडले आणि त्यांनी माझ्यापुढे अधिकारपत्राची दुसरी प्रत धरली. डोळे पुसायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. मग पंख्याकडे बघतच म्हणाले, “पूर्वी संध्याकाळी घरी गेलं की दिवसभरात कोण काय बोललं ते हिला सांगायचो. ती गेल्यावर कार्डं सुरू केली.”

जानेवारीतल्या एका रविवारी मी थालीपिठं घेऊन चिकपेटला गेले. सरांनी दार बोटभर उघडलं.

“कुणी पाठवलं?”

“कुणी नाही.”

“मग यात तुमचा काय फायदा?”

“काही नाही सर. बोलायला आले.”

त्यांनी विचार केला. मग आतली साखळी काढली. आम्ही दोन तास बसलो. ते कॉमर्सच्या मुलांबद्दल बोलले, मी सासूबाईंबद्दल. थालीपीठ त्यांनी आधी मला खायला लावलं, मग स्वतः खाल्लं, चार खाल्ली.

निघाले तेव्हा दार माझ्यामागे बंद झालं, साखळी लागली. मी चार पायऱ्या उतरले असेन, तेवढ्यात वर टाइपरायटर सुरू झाला. मी जिन्यातच थांबले. एका ओळीचं काम असतं तर लगेच संपलं असतं. खाली साडीवाल्यानं दुकानाची फळी लावायला घेतली, तरी वर टाइपरायटर वाजतच होता.