नानांची खड्डा-टेस्ट

थेरगावहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी एक गृहस्थ दिसतील. मांडीवर पाट, पाटावर सर्किट बोर्ड, शेजारी बॅटरी, बोर्डावर पेटलेला हिरवा दिवा. नवखा माणूस तिथून उठून मागे जाऊन बसतो. घाबरू नका, ते आमच्या टेस्टिंगचे नाना.

बोर्ड हातात आला की नाना मीटरला शिवत नाहीत. आधी भिंगातून बघतात, मग चक्क हुंगतात, मग खिशातल्या कंगव्याने एकेका पार्टवर टकटक. "मीटर इचारलं तेवढंच सांगतो," म्हणतात. "नाक न इचारता सांगतं." एका नव्या इंजिनिअरने तीन पार्ट एकदम बदलले, तर नाना कडाडले, "आता दुखणं कुठलं हुतं ते कुणाला इचारू? एका टायमाला एकच!"

मध्यंतरी गिऱ्हाइकाकडून ढीगभर बोर्ड परत आले. टेबलावर ठणठणीत, गाडीत बसवले की बंद. मॅनेजरसाहेबांनी ठरवून टाकलं, सोल्डरिंग कच्चं. सोल्डरिंग करायची लातूरची सुनीता, कंत्राटी. रिपोर्टवर नानांची सही पडली की तिचं काम सुटणार.

"नाना, सही करा."

"न्हाई."

"मी मॅनेजर आहे!"

"व्हय की. पण बोर्डाला ते ठाऊक न्हाई."

आणि बोर्ड बसमध्ये आला. मोशीच्या पुढे एक दणका बसला आणि दिवा विझला. नाना उभेच राहिले, "डायवर, भावा, तोच खड्डा परत घे!"

"नाना, मागं कंटेनर हाय!"

दोन खड्ड्यांत गुन्हेगार सापडला. वजनदार कपॅसिटर गमने चिकटवलाच नव्हता, हादऱ्याने त्याचा पाय सुटत होता. गम वाळायला वेळ लागतो म्हणून ते काम गाळायला साहेबांनीच सांगितलेलं. नानांनी रिपोर्टात तेच लिहिलं, ठळक अक्षरांत, आणि मग झोकात सही ठोकली. सुनीता राहिली. साहेब अजून नानांशी बोलत नाहीत.

रिपोर्ट दिला त्या संध्याकाळी बसने परतताना मी विचारलं, "नाना, त्या पोरीशी तुम्ही कधी दोन शब्द बोलला नाहीत. मग एवढं भांडण कशाला?"

"मागं असाच कागद आला हुता. दत्ताच्या नावाचा. त्यो माझ्या शेजारी बसायचा. बोर्ड न बघताच मी सही केली. त्याचं काम सुटलं, गेला परभणीला."

"मग आता फोन करा की."

नानांनी मोबाइल काढला, नंबर शोधला आणि नुसते बघत बसले.

"उचलला न्हाई तर?"

साहेबांना भिडणाऱ्या माणसाचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.